लेण्याबाहेरचा श्रोता

वैशाख जवळ आला की पवनेच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला जळक्या पाल्याचा वास लागतो. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजून घ्यायची म्हणून लोक वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरतात आणि पेटवून देतात. त्याला आमच्याकडे राब भाजणं म्हणतात. लोणावळ्यातल्या वलवणला, आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, हा वास येत नाही. इथे भाजलेल्या कणसांचा आणि घाट चढून तापलेल्या गाड्यांचा वास येतो. पण यंदा एके दिवशी शाळेतून घरी येताना लांब डोंगराच्या पायथ्याशी धुराची एक रेघ दिसली आणि तेवढ्यावर माझ्या कानात पेटीचा सूर वाजला. मी आयुष्यात पहिलं गाणं ऐकलं ते राबाच्या धुरात. तेव्हापासून माझ्या डोक्यात ही दोन्ही एकाच खणात ठेवलेली आहेत.

घरात कोणी नव्हतं. रंजना, माझी बायको, गेले कित्येक महिने पुण्यात आमच्या मुलीकडे आहे. प्रज्ञाला मुलगा झाला, तिची रजा संपली, मग बाळाजवळ आजी राहिली. मी शनिवारी जातो आणि रविवारी परत येतो. एरवी घरात मी आणि कपाटातल्या कॅसेटी, ज्या लावायला आता यंत्रही नाही.

रोज संध्याकाळी रंजनाचा फोन येतो. ती बोलत असते आणि तिच्या मागे, आतल्या खोलीत, प्रज्ञा बाळाला निजवत असते. गुणगुणत असते. शब्द कळत नाहीत, चाल अर्धवट कळते. मी रंजनाला उगाच काहीबाही विचारत राहतो. भाजी काय केली, पाणी वेळेवर येतं का, बाळाचा खोकला कसा आहे. तिने फोन ठेवू नये एवढाच हेतू. मग तिच्या काही तरी लक्षात येतं आणि ती म्हणते, थांबा, तिच्याकडे देते. त्या क्षणी गाणं बंद होतं. प्रज्ञा फोनवर येते, औषधं घेतली का विचारते, शाळेचं विचारते. तिच्या बोलण्यात काही कमी नसतं. फक्त गाणं बंद झालेलं असतं.

मी समोर असलो की माझी मुलगी गात नाही. शाळेत होती तेव्हापासूनचं हे आहे. याचं कारण मी आहे, आणि ते आधीच लिहून टाकलेलं बरं. पुढे मी गाण्याच्या बैठकींविषयी लिहिणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, काय रसिक माणूस आहे.

*

आमच्या समाजात जयंती एका दिवसात आटपत नाही. सगळ्या गावांनी एकाच तारखेला कार्यक्रम ठेवला तर गायन पार्ट्या पुरणार कुठून? म्हणून गावं तारखा वाटून घेतात. आज बेडसे, परवा वडिवळे, पुढच्या शनिवारी घाटाच्या तोंडाशी एखादी वाडी. एप्रिलच्या मध्याला सुरू झालेलं हे गाणं वैशाखी पौर्णिमा ओलांडून मे सरेपर्यंत मावळभर फिरत राहतं. माझे वडील, ज्यांना सगळं बेडसे आबा म्हणतं, अशाच एका पार्टीत होते. गायक नव्हेत. ते कोरसमध्ये होते.

मुख्य गायक पुढे बसतो, पेटी त्याच्यासमोर असते, त्याचं नाव फलकावर असतं. त्याच्या मागे चार-पाच माणसं ओळीत उभी राहतात. गायकाने ओळ टाकली की ती उचलायची, वर न्यायची, आणि त्याचा दम भरून झाला की त्याच्या हातात परत द्यायची. आबांनी जन्मभर हे केलं. दिवसा दुसऱ्याच्या शेतात राब भाजायचे आणि अंधार पडायच्या सुमाराला पांढरा सदरा घालून टेम्पोत बसायचे. त्यांच्या सदऱ्याला धुराचा वास असायचा आणि सगळ्या टेम्पोलाच तो असायचा, त्यामुळे कुणाला काही वाटत नसे.

मी त्यांच्याबरोबर जायचो. कापणी झालेल्या भातखाचरात सतरंज्या टाकलेल्या असत. खाली खुंट तसेच. बसलं की टोचायचे, म्हणून पहिला अर्धा तास सगळी मंडळी सरकत आणि कण्हत असायची. दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडून व्यासपीठ केलेलं, आंब्याच्या फांदीला कर्णा बांधलेला. वडिवळ्याला एकदा ऐन गाण्यात वीज गेली. आता कार्यक्रम मोडणार असं मला वाटलं. पण झालं असं की सगळा गाव उठला आणि पुढे सरकला. मागे बसलेल्या बायका पुढे आल्या, म्हातारी माणसं थेट ट्रॉलीला टेकली, आणि गायकाने कर्ण्याशिवाय, नुसत्या गळ्यावर, तीच ओळ पुन्हा उचलली. इतक्या जवळून मी कोरस कधी ऐकला नव्हता. मी आबांच्या पायाशी होतो. त्यांनी एक हात कानावर ठेवला होता, मानेची शीर फुगली होती. मी त्यांचा आवाज शोधत होतो. तो काही केल्या सापडत नव्हता.

परतीच्या वाटेवर मी तक्रार केली की तुमचा आवाज ऐकूच आला नाही. टेम्पोतली माणसं हसली. ढोलकीवाला म्हणाला, पोराला वाटतं आबा नुसताच तोंड हलवतो. आबाही हसले. म्हणाले, "कोरसवाल्याचा आवाज येगळा ऐकू आला, म्हंजी त्यो चुकला."

मला ते पटलं नाही. इतकं ओरडायचं आणि ओळखू यायचं नाही, मग ओरडायचं कशाला? माझ्या मनात तेव्हाच काहीतरी ठरलं असावं. पुढे मी गणिताचा शिक्षक झालो. प्रत्येकाचा पेपर वेगळा, प्रत्येकाचे गुण वेगळे, हे मला फार आवडायचं.

*

लोणावळ्यात नोकरी लागली त्या वर्षी शाळेतले एक वयस्कर सहकारी मला पुण्याला शास्त्रीय गाण्याच्या बैठकीला घेऊन गेले. सकाळची बैठक होती. स्वच्छ पांढऱ्या गाद्या, तक्के, उदबत्तीचा मंद वास, आणि दोनशे माणसं असूनही कुणाचा चकार शब्द नाही. गायकाने डोळे मिटून सा लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. तोडी होता हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की कुणीतरी एकच पायरी पन्नास वेळा झाडतंय आणि दर वेळी तिचा दगड आणखी उजळतोय.

मी भारावलो आणि न राहवून मोठ्याने "वा" म्हणालो.

ती जागा चुकीची होती. गायक अजून समेवर यायचा होता. पुढच्या दोन रांगांतली काही डोकी मागे वळली, अगदी सभ्यपणे, आणि परत फिरली. सहकाऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जसा आपण लहान मुलाच्या ठेवतो. आमच्या भातखाचरात दाद चुकू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. तिथे माणूस शिट्टी मारतो, पटका उडवतो, म्हातारा खांद्यावर नातू घेऊन मधेच नाचतो, आणि गायक त्याच्याकडे बघून ओळ आणखी एकदा घेतो. इथे दादेलाही शिक्षण लागत होतं. मग मी शिकायचं ठरवलं. पुस्तकं आणली, कॅसेटी आणल्या, मात्रा मोजायला शिकलो. गणिताच्या माणसाला ते जड गेलं नाही. दोन-तीन वर्षांत माझा "वा" इतका नेमका पडायला लागला की शेजारची माणसं माझ्याकडे बघून मान डोलवायची.

पण त्या पहिल्या सकाळी जसा काटा आला तसा नंतर फार कमी वेळा आला. मात्रा मोजताना काटा येत नाही. हे मला कळायला फार वर्षं लागली, आणि तोवर मी प्रज्ञाला मोजायला लावलं होतं.

*

प्रज्ञाचा गळा चांगला होता. लोणावळ्यातल्या गाण्याच्या बाईंकडे तिला घातली तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. दर वर्षी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी तिला पुण्यातल्या एकूण एक बैठकींना नेलं. मोकळ्या मैदानातले कार्यक्रम असत, थंडी मरणाची. ती कानटोपी घालून माझ्या मांडीवर डोकं ठेवायची आणि झोपायची. मी तिला उठवायचो. उठ, आता तराणा आहे. उठ, हा मारवा आहे, पुन्हा ऐकायला मिळणार नाही. ती उठून बसायची आणि मोठ्या माणसासारखी मान हलवायची. शेजारच्या बायका कौतुक करायच्या, आणि मला वाटायचं हे कौतुक तिच्या कामी येईल.

आणि मग परतीची लोकल. शिवाजीनगरहून गाडी सुटली की माझे प्रश्न सुरू. दुसरा राग कोणता होता? कशावरून ओळखलास? तबलजी कुठे चुकला? ती सगळं बरोबर सांगायची. तळेगाव, वडगाव, कामशेत, स्टेशनं मागे पडायची आणि तिची उत्तरं लहान होत जायची. एकदा मळवली गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला आवडलं का?" मी सांगितलं की दुसऱ्या भागात तानांना सफाई नव्हती. ती बराच वेळ खिडकीच्या काचेकडे बघत राहिली. बाहेर काळोख होता, काचेत तिला माझाच चेहरा दिसत असणार. तिने जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. खरं उत्तर असं होतं, की तू मांडीवर झोपली होतीस आणि मैदानावर धुकं उतरत होतं आणि मला फार आवडलं होतं.

तिच्या चौदाव्या वर्षी बेडश्याची जयंती आली तेव्हा तिची गाण्याची परीक्षा दोन दिवसांवर होती. गाण्याच्या बाईंनी मला बाजूला घेऊन आधीच सांगून ठेवलं होतं, जपा, तिकडची सवय आवाजाला लागली की निघत नाही. "तिकडची" म्हणजे आमची. बाईंच्या मनात वाईट काही नसेल. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही जितकी लाज वाटते तितकी पुढच्या प्रसंगाचीही वाटत नाही.

त्या संध्याकाळी कोरसमधला एक जण आला नव्हता. आबांनी प्रज्ञाला हात केला. ती व्यासपीठावर चढली, त्यांच्या शेजारी उभी राहिली, आणि पहिल्याच ओळीला तिने गळा असा मोकळा सोडला की मी सतरंजीवर ताठ झालो. तिचे डोळे चमकत होते. ती आबांकडे बघत होती, आबा तिच्याकडे. ओळ परत देताना दोघं एकदम थांबत आणि एकदम हसत. पुण्याच्या कुठल्याही बैठकीत मी तिला अशी पाहिलेली नव्हती. ती सुंदर गात होती असं मी म्हणणार नाही, कारण तिचा आवाज वेगळा ऐकूच येत नव्हता.

मी उठलो, ट्रॉलीपाशी गेलो आणि म्हणालो, "प्रज्ञा, खाली ये. गळा बसेल."

पुढच्या चार-पाच रांगांना ऐकू गेलं. ती उतरली. आबांनी गाणं थांबवलं नाही. ते फक्त एक पाऊल बाजूला सरकले आणि ओळीत पडलेली मोकळी जागा त्यांनी भरून काढली.

परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले. पुढच्या वर्षी तिने तंबोऱ्याला गवसणी घातली ती कायमची. मी रागावलो, समजावलं, बाईंना घरी बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी गायला लागले की मला तुमचे कान दिसतात." तेव्हा मला ते उद्धटपणाचं वाटलं.

*

त्यानंतर मी एकटा जाऊ लागलो. सवय अशी की सभागृहात शिरलं की आधी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकायचा. प्रज्ञा लहान असताना मी पुढे धावत जाऊन दोन जागा धरायचो आणि ती रंजनाने दिलेला डबा सांभाळत मागून यायची. ती यायची थांबली तरी हात आपोआप खिशात जातो. कुणी विचारतं, इथे कोणी आहे का? मी म्हणतो, येतायत. कार्यक्रम सुरू होतो, मध्यंतर होतं, उभं राहून ऐकणारी माणसं त्या रिकाम्या खुर्चीकडे आणि माझ्याकडे बघतात. एकदा एका बाईंनी सरळ रुमाल उचलून माझ्या हातात दिला आणि बसल्या. पूर्ण वेळ त्या फार छान ऐकत होत्या. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलावंसंही फार वाटलं. 

लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्येही गेलो होतो. शाळेच्या एका पालकांनी आग्रह केला म्हणून. गायक चांगला होता, आणि लोक त्याच्यासमोर कबाब खात होते. तो गात होता, वाढपी त्याच्या आणि माझ्या मधून ट्रे घेऊन जात होते. मला त्याची कीव आली. मग लक्षात आलं की तो डोळे मिटून स्वतःपुरता गातोय, आणि त्याला कुणीच तपासत नाहीये, आणि कदाचित तो बऱ्याच दिवसांनी एवढा मोकळा गात असेल. मी जेवणाची बशी हातात घेऊन मुद्दाम त्याच्याकडे पाठ केली. त्या दिवशी मला बऱ्याच वर्षांनी काटा आला.

बेडश्याच्या जयंतीला मात्र मी पुढे फारसा गेलो नाही. शाळेच्या परीक्षा, पेपर तपासणी, अशी कारणं एप्रिलमध्ये मुबलक असतात. हळूहळू पार्टीच मोडली. मुख्य गायक गेला, पेटीवाला मुलाकडे चिंचवडला राहायला गेला. आता जयंतीला डीजे लागतो. छातीत धडधडतं म्हणून आबा तेवढी एक रात्र कानात कापूस घालून बसतात.

*

धुराची रेघ दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बेडश्याला गेलो. आबा आंब्याखाली खाटेवर होते. त्यांना दम लागतो, वाक्य दोन तुकड्यांत बोलतात. मला बघून म्हणाले, "आलं का मास्तर. पेपर संपलं वाटतं तुजं." मग हळूहळू त्यांनी सांगितलं. पौर्णिमेला सकाळी वर लेण्यात वंदना असते. वंदना झाली की एक गाणं म्हणायचं ठरलंय. लेण्यात कर्णा लावू देत नाहीत, ते एक बरंच आहे. जुन्या पार्टीतले तिघं येणार, दोन बायका येणार.

"एक जागा मोकळी हाय," आबा म्हणाले.

मी विचारलं, कुणाची.

"माजी. मला काय आता वर चढवत न्हाई." त्यांनी दम घेतला. "प्रज्ञाला फोन केलता. यीन म्हनली."

मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. आनंद झाला हे खरं. त्याच्या आत लगेच हिशेब सुरू झाला, की पौर्णिमेला मी कुठे बसायचं, खांबाजवळ बसलो तर आवाज घुमतो, थोडं मधे बसलं पाहिजे. आबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बहुतेक सगळं वाचलं.

"तू भाईर बस," ते म्हणाले. "चपला राख."

मी म्हणालो, आबा, मी काही बोलणार नाही, नुसता ऐकेन.

"तू नुसता कवा ऐकलास? आरं, तू आत आलास की पोरगी परीक्षंला बसल्यागत करती." मग मऊ आवाजात म्हणाले, "मी बी खालीच हाय की. मला तर चपला बी न्हाईत राखायला."

एवढ्या वर्षांत मी गाण्यासाठी रांगा लावल्या, थंडीत कुडकुडलो, दोन-दोन जागा धरल्या. या एका बैठकीला मला बाहेर बसायला सांगितलं होतं, आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्याशी वाद घालायला मला तोंड नव्हतं. निघताना मी त्यांचा पाण्याचा तांब्या भरून ठेवला. खाचरात कुठेतरी राब धुमसत होता. आबांनी नाक वर केलं आणि म्हणाले, यंदा पाला ओला हाय, धूर लय.

*

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही वर चढलो. प्रज्ञाबरोबर आलेली रंजना गुडघ्यांमुळे खाली आबांजवळ थांबली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना करवंदाच्या जाळ्या, त्यांतली काळी करवंदं आधीच कुणीतरी वेचलेली. बायका पांढऱ्या साड्यांत, हातात मेणबत्त्या आणि फुलं. प्रज्ञा बाळाला कडेवर घेऊन माझ्यापुढे चालत होती. मी तिच्याशी उन्हाविषयी बोललो, बाळाच्या दातांविषयी बोललो. गाण्याचं नाव काढलं नाही. तिनेही नाही.

बेडश्याचं लेणं पूर्वेला तोंड करून आहे. बाहेर कातळाची एक भिंत राखलेली आहे, तिच्यातून चिंचोळ्या बोळासारखी वाट आत जाते, आणि मग एकदम ते उंच खांब समोर येतात. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. लोक चपला काढून आत गेले. प्रज्ञा तिथे घोटाळली. मी म्हणालो, "दे त्याला. मी इथे बसतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर बसणार हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. "आत नाही येत?"

"चपलांजवळ कुणीतरी पाहिजे."

तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली. बोळातून तिची पाठ दिसली, मग दिसेनाशी झाली. मी कातळाला टेकून बसलो. शेजारी तीस-चाळीस जोड पसरलेले. लेण्यावर माकडं असतात, म्हणून चपलांजवळ कुणीतरी लागतं हे अगदीच खोटं नव्हतं.

वंदना सुरू झाली. दगडातून येणारा तो आवाज बाहेर पोचेपर्यंत गोल होऊन येत होता, शब्दांचे कोपरे झिजलेले. बाळ रडायला लागलं. मी त्याला थोपटलं, उभं धरलं, खाली दरीतली पवनेच्या पाण्याची चकाकी दाखवली. ते काही ऐकेना. मला गाता येत नाही. इतकी वर्षं गाणं ऐकून मला एक अंगाईही म्हणता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. मी त्याला पाढे म्हणून दाखवले. तो आणखी जोरात रडला.

मग वंदना संपली. आत शांतता झाली. एका पुरुषाने ओळ टाकली. आवाज म्हातारा, जरा फाटका, पण चाल ओळखीची. आणि कोरसने ती उचलली.

मी कान दिला. जन्मभराची सवय. यात तिचा आवाज कुठे आहे? वरच्या पट्टीत एक बाईचा आवाज होता, तो तिचा असेल का? नाही, तो खेडवळ वाटला. खाली एक स्थिर सूर होता, तो? दगड सगळं एकत्र करून बाहेर पाठवत होता. ओळ पुन्हा आली, कोरसने ती पुन्हा वर नेली, आणि मला काही केल्या वेगळं करता येईना. ती गात होती का, नुसती उभी होती, तेही कळेना.

मग माझ्या लक्षात आलं की बाळ रडायचं थांबलंय. त्याने तोंडात बोट घातलं होतं आणि मान वळवून तो त्या बोळाकडे, नुसत्या दगडाकडे, एकटक बघत होता. गाणं संपेपर्यंत त्याने मान हलवली नाही.

त्याला ओळखू आलं असेल. मला नाही आलं. मी डोळे पुसायला रुमाल काढला, मग तो तसाच शेजारच्या दगडावर ठेवला, आणि आम्ही दोघं बसून राहिलो.

*

उतरताना बाळ आईकडे गेलं. इतर मंडळी पुढे निघून गेली होती. प्रज्ञा चार पायऱ्या पुढे आणि मी मागे. परतीची वाट सुरू झाली की माझे प्रश्न सुरू व्हायचे, आणि तिच्या पाठीवरून मला दिसत होतं की ती त्यांची वाट बघतेय. खांदे जरा आवळलेले. अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि वळली.

"विचारा ना, बाबा."

"काय?"

"नेहमीचं."

मला विचारायचं होतं. गायलीस का? कुठल्या पट्टीत? श्वास पुरला का? निदान एवढंच, की तुला आवडलं का? जिभेवर सगळं होतं. मी म्हणालो, "त्याच्या मानेला घाम आलाय. टोपी काढ त्याची."

 तिने बाळाची टोपी काढली, कमरेला खोचली, आणि ती चालू लागली. खांदे थोडे सैल झाल्यासारखे वाटले, किंवा मला तसं वाटून घ्यायचं असेल. खाली गावात आबांचा आंबा दिसत होता, त्याच्या खाली खाटेचा एक तुकडा. आबा तिथून वर बघत असतील. त्यांना तर काहीच ऐकू गेलं नसणार.

मी एक पायरी थांबलो. ती पाच पायऱ्या पुढे गेली, मग दहा. वारा खालून वर येत होता, राबाच्या धुराचा. आमच्यातलं अंतर वाढलं आणि त्या वाऱ्याबरोबर काहीतरी अगदी बारीक ऐकू आलं. बाळाला थोपटल्याचा ठेका, आणि त्यावर ती मघाची ओळ.

मी पाऊल उचललं तसा सूर किंचित खाली गेला. मी पाऊल परत घेतलं. तिथेच करवंदीच्या जाळीशी उभा राहिलो, आणि तिला आणखी पुढे जाऊ दिलं.